जमिनीवरून दिसलेली पळी

विहारातला तो मॉनिटर मुळात दानपेटीवर नजर ठेवायला आणलेला. चोर काही कधी सापडला नाही, पण मॉनिटरच चोरीला जाईल या भीतीने तो सागवानी खोक्यात ठोकून बसवला होता. हलत नाही, वळत नाही, मान वरखाली करत नाही. चानफोंगच्या सासूने तो दान दिला होता. बान हुआईमाक या डोंगरातल्या गावात पंख्यापासून पिकदाणीपर्यंत दानातल्या प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याचं नाव रंगवतात, म्हणून खोक्यावर म्हातारीचं नाव पिवळ्या ठळक अक्षरांत होतं. आणि मार्चातल्या त्या दुपारी, सगळा डोंगर धुरात बुडालेला असताना, म्हातारीच्या त्या मॉनिटरवर दोन माणसांचा जीव टांगला होता.

त्यातला एक बुआखियावचा नवरा, इनपान. दुसरा चानफोंगचा नवरा, सेंगमुआंग.

दोघं सकाळी जाळरेषा काढायला गेले होते. वणव्याच्या वाटेतला पाचोळा साफ करायचा, जमिनीचा उघडा पट्टा काढायचा, की आगीला पुढे खायला काही उरत नाही. सेंगमुआंगच्या हातात दाताळं, इनपानच्या पाठीवर पाचोळा उडवायचं यंत्र. दरवर्षीचंच काम. निघताना भंतेंनी दोघांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला, बायकांनी केळीच्या पानात चिकट भात बांधून दिला, आणि इनपान बायकोला म्हणाला, "संध्याकाळी मिरचीची चटणी कर. कालच्यासारखी नको, तिखट कर. काल तू चटणी केली होतीस की सरबत?" हे त्याचं निघतानाचं बोलणं. बुआखियावने त्याला परत हाक मारायचेही कष्ट घेतले नाहीत. संध्याकाळी बघते तुला, एवढंच मनात म्हणाली.

तालुक्याच्या गावातून थान्वा ड्रोन घेऊन आला होता. मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, पस्तिशीचा, तोंडाने चुरुचुरु बोलणारा माणूस. ड्रोनला जे दिसतं ते मोठ्या पडद्यावर दिसावं म्हणून त्याने पडवीतून आत वायर ओढून मॉनिटरला जोडली. मॉनिटर खाली जमिनीवर घेऊ या म्हणाला, तर म्हातारी मंडळी त्याच्यावर तुटूनच पडली. भंते ओट्यावर बसणार, आणि वाकून खाली बघणार? अक्कल दुकानात ठेवून आलास का रे? झालं, खोकं ओट्यावरच राहिलं, भंतेंच्या नजरेसमोर, बरोबर उंचीवर. त्या ओट्यावर बाईने पाऊल ठेवायचं नसतं. बायका खाली फरशीवर. पुरुषांपैकी ज्यांना उभं राहायचं, ते मागे पडवीत, कारण बसलेल्या भंतेंच्या डोक्याहून आपलं डोकं उंच करून त्यांच्यापुढे कोण उभा राहणार?

बुआखियाव सगळ्यांच्या पुढे, ओट्याला अगदी खेटून बसली होती. सकाळी ड्रोन पहिल्यांदा उडाला तेव्हाही ती तिथेच होती. पडद्यावर पायवाटेने चाललेला इनपान दिसला, त्याने वर बघून दात काढले, हात हलवला. आणि बुआखियावच्या काळजाचं पाणी झालं. नवऱ्याचा चेहरा कोळशासारखा काळा, दात निळे, आणि डोळ्यांच्या जागी पांढरी भोकं! ती ताडकन उभी राहिली. उभं राहिल्याबरोबर चेहरा जागेवर आला. नेहमीचा, घामाने चकाकणारा.

थान्वा पडवीतून हसला. "घाबरलात ना ताई? स्वस्तातला मॉनिटर आहे. हा समोरून बघायचा. खालून बघितलं की पांढरं काळं होतं, गोऱ्याचं भूत होतं. खालून दिसतं ते सगळं खोटं. लक्षात ठेवा."

तिने लक्षात ठेवलं. तिथेच तर सगळा घोळ झाला.

दुपारी वारा फिरला. आगीने जाळरेषा मागून ओलांडली. वायरलेसवर सेंगमुआंगचा आवाज आला, "वारा उलटलाय... आम्ही बांबूच्या घळीकडे उतरतो..." मग खरखर, आणि त्यानंतर काही नाही.

गावाचा मुखिया, ज्याला सगळे पोलुआंग म्हणत, पडवीत वायरलेस कानाला लावून उभा होता. त्याच्याजवळ पाठीवर पाण्याचे पंप बांधलेली एकच तुकडी उरली होती, बाकीचे सगळे पलीकडच्या गावाशी आग अडवत होते. आणि रस्ता मोठ्या वारुळापाशी फुटत होता. एक फाटा पूर्वेला बांबूच्या घळीत, दुसरा पश्चिमेला म्हशीच्या पाठीवर. म्हशीची पाठ म्हणजे तो डोंगराचा उघडा उंचवटा. एका फाट्याने गेलेली गाडी परत येऊन दुसऱ्या फाट्याने जाईपर्यंत आग दोन्हीकडे पोचणार होती. पोलुआंगला हे माहीत होतं, गाडीत बसलेल्यांना माहीत होतं, आणि फरशीवर बसलेल्या दोन्ही बायकांनाही माहीत होतं.

"घळीत जा," चानफोंग आतून ओरडली. "माझ्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. कशाची वाट बघताय?"

"एकदा वरून बघू दे, चानफोंग," पोलुआंग म्हणाला. "आंधळ्यासारखा माणसं कशी घालू आगीत?"

ड्रोन घळीवर गेला. पडदा पांढराफटक. ताकात बोट बुडवावं तसं, आत काय आहे काही कळत नव्हतं. भंते ओट्यावरून डोळे बारीक करून बघत होते. पडवीतले माना ताणून बघत होते. थान्वाने ड्रोन पश्चिमेला वळवला. तिथेही पांढरंच.

बुआखियावला पडद्याकडे बघवेना. तिने बुद्धाकडे तोंड करून हात जोडले आणि कपाळ फरशीला टेकवलं. मला काही नको, चटणी जितकी तिखट म्हणशील तितकी करते, ये तू. असं काहीतरी पुटपुटत तिने मान थोडी वर केली, गाल अजून फरशीजवळच, आणि नजर पडद्यावर गेली.

पडदा पांढरा नव्हता. चिंचेच्या कोळासारखा गढूळ तपकिरी झाला होता, आणि त्या गढुळात एक गोल उमटला होता. गोल, आणि त्याला एका बाजूने लांब दांडा. उलटी ठेवलेली पळी असावी तसा.

ही पळी तिने किती वेळा पाहिली होती! इनपान यंत्र चालवायचा तसं गावात कोणी चालवत नसे. आधी सरळ चालत जायचा, मग थांबून डाव्या अंगाने गोल फिरायचा. अंगण झाडलं तरी धुळीत पळी, कोंबड्यांच्या खुराड्याभोवती झाडलं तरी पळी. ती त्याला किती चिडवायची, की बायकोच्या हातची पळी पुरत नाही म्हणून अंगणात काढतोस का? आणि गेल्या वर्षी, आगीची गोष्ट निघाली तेव्हा, तो जेवता जेवता म्हणाला होता, "सापडलोच तर पळायचं नाही. पळणारा जळतो. सगळं गोल साफ करायचं आणि मधोमध पालथं पडायचं."

ती उठून बसली. उठली तशी पळी गेली. सगळं पांढरं.

खालून दिसतं ते सगळं खोटं. सकाळचा तो काळा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तोही असाच खालून दिसला होता, आणि तो खोटा होता. मग ही पळी तरी कशावरून खरी? आणि समजा खोटी निघाली? समजा आपण सांगितलं, गाडी म्हशीच्या पाठीवर गेली, आणि ते दोघं घळीत...? बाई, बोल ना! पण नाही बोलली. पुन्हा वाकली, पुन्हा बघितलं. पळी होती, पडद्याच्या कडेला सरकत होती. ड्रोन पुढे चालला होता.

"काही नाही दिसत," थान्वा म्हणाला. "शेवटची बॅटरी आहे. परत आणतो."

"मग घळीतच," पोलुआंग म्हणाला, आणि बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"थांबा!" बुआखियाव किंचाळली. विहारात इतक्या मोठ्याने कोणी बोलत नाही. भंतेंनीही मान वळवली. "ड्रोन मागे घ्या. म्हशीच्या पाठीवर. तिथे आहेत ते. गोल केलाय त्याने, मी बघितला."

थान्वाने ड्रोन मागे घेतला. पडवीतल्या सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. पांढरं.

"कुठाय?" पोलुआंग म्हणाला.

"तो काय!" ती बोट दाखवायला उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांदेखत पडदा कोरा झाला. बोट हवेत तसंच राहिलं. ओट्यावर चढून काचेवर हात ठेवायची सोय नाही. ती झटकन खाली बसली. "इथून दिसतो. इथून बघा, खालून."

"अहो ताई!" थान्वाचा आवाज चढला. "सकाळीच सांगितलं ना मी? खालून हा मॉनिटर काहीही दाखवतो. डाग असेल, सावली असेल. मी समोरून बघतोय, भंते समोरून बघतायत, समोर काही नाही. मॉनिटर समोरून बघायचा असतो, ही माझी अक्कल नाही, बनवणाऱ्याची आहे."

आता त्याचंही चुकलं कुठे? तो खरं तेच सांगत होता. रोज दुकानात गिऱ्हाइकांना हेच सांगायचा.

"डागाला दांडा असतो का रे?" बुआखियाव म्हणाली. "माझ्या नवऱ्याचा हात मी ओळखत नाही?"

चानफोंग गुडघ्यांवर सरकत तिच्यासमोर आली. "तुझा नवरा, तुझा नवरा! आणि माझा? तो बोललाय घळ म्हणून. माझ्या कानांनी ऐकलंय. तुझ्या त्या डागासाठी माझा माणूस जाळतेस? सांगून ठेवते, बुआखियाव, त्याला काही झालं ना, तर आयुष्यभर तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, आणि तुलाही सुखाने बसू देणार नाही."

"मग तू वाक ना! ये, इथे वाक आणि बघ!"

"मला नाही बघायची तुझी भुतं!"

आणि ती बघेना. माणसाला आशा असली की तो दुसरीकडे बघत नाही, बघितलं तर ती आशा जाईल अशी भीती असते. बुआखियावला तिचा राग आला आणि त्याच क्षणी तिची कीवही आली, कारण तिच्या जागी आपणही हेच केलं असतं हे तिला कळत होतं. मागच्या म्हाताऱ्या बायका डोळे मिटून मंत्र म्हणत होत्या. पडवीतले पुरुष एकमेकांकडे बघत होते. बाहेर गाडी घुरघुरत होती.

"बॅटरी संपत आलीये," थान्वा म्हणाला. "पोलुआंग, काय ते लवकर ठरवा."

पोलुआंगने तोंडावरून हात फिरवला. "रेडिओवर माणसाचा आवाज आलाय. एका बाजूला माणसाचा शब्द, दुसऱ्या बाजूला डाग. मी काय करू? घळीत..."

"थांब जरा," भंते म्हणाले.

भंते फार बोलत नसत. सत्तरी उलटलेली, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ते ओट्याच्या कडेला सरकले आणि पाय खाली सोडले.

"लेकी, तू नेमकं कुठून बघितलंस?"

बुआखियावने फरशीवर हात ठेवून जागा दाखवली, आणि ती घाईघाईने बाजूला झाली, भंतेंच्या अंगावरच्या चीवराला बाईचा धक्का लागू नये म्हणून.

आणि भंते ओट्यावरून उतरले. उतरले ते उभे राहिले नाहीत. कण्हत, एक हात ओट्यावर टेकवत, ते सरळ उघड्या फरशीवर बसले. चटई नाही, आसन नाही.

विहारात एकच धांदल उडाली. भंते जमिनीवर, आणि आपली डोकी त्यांच्या वर! बसलेल्या बायका धडाधड वाकल्या. पडवीतले उभे होते ते गुडघ्यांवर आले, गुडघ्यांवरचे कोपरांवर आले. पोलुआंगएवढा ढेरपोट्या माणूस वायरलेससकट पालथा झाला. थान्वा हातातला कंट्रोल सांभाळत बेडकासारखा बसला, तरी मागून कोणीतरी त्याच्या पाठीवर चापट मारली, "डोकं खाली, डोकं खाली!"

पण भंते तेवढ्यावर थांबले नाहीत. ते बुद्धाकडे वळले, हात जोडले, आणि कपाळ जमिनीला टेकवलं. आता त्यांच्याहून खाली जायचं म्हणजे कुठे जायचं? सगळं गाव फरशीला चिकटलं.

"पुढे सरका," भंते तसेच वाकलेले म्हणाले. "ओट्याजवळ या. आणि वाकलाच आहात, तर तसेच वर बघा."

सरपटत सरपटत सगळे पुढे आले. गाल फरशीला, डोळे वर.

"दांडा आहे," पोलुआंग हळूच म्हणाला. "आई गं. दांडा आहे त्याला."

"पळी," कोणीतरी म्हातारी म्हणाली. "इनपानची पळी! माझं अंगण झाडून दिलं होतं तेव्हा पण..."

थान्वाने मान वर केली, परत खाली केली, परत वर केली. "समोरून नाहीच ना दिसत," तो पुटपुटला, कोणाला तरी समजावल्यासारखा.

चानफोंग सगळ्यांत शेवटी वाकली. बघितलं, आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. गोलाच्या मधोमध दोन बारीक रेघा होत्या, शेजारी शेजारी. त्या हलत नव्हत्या.

"म्हशीची पाठ!" पोलुआंग पडल्या पडल्याच वायरलेसमध्ये ओरडला. "पश्चिमेचा फाटा घ्या! पश्चिमेचा!"

गाडी गेल्याचा आवाज आला. थान्वाचा कंट्रोल टीं-टीं करायला लागला होता. ड्रोन आता वळला तरच परत पोचणार होता. त्याने एकदा भंतेंकडे बघितलं, एकदा बुआखियावकडे, आणि ड्रोन वळवायच्या ऐवजी गोलावर खाली खाली घेतला.

"ड्रोनचा आवाज ऐकून तरी वाट सापडेल गाडीवाल्यांना," तो म्हणाला. "जाऊ दे. जळू दे."

पडद्यावर गढूळ तपकिरी धूर वर आला, पळी मोठी झाली, एका रेघेचा जणू हात हलल्यासारखं वाटलं, आणि पडदा काळा झाला.

काळा पडदा कुठूनही बघितला तरी काळाच. तरी सगळे त्याच्याकडेच बघत राहिले. भंते परत ओट्यावर गेले नाहीत. चला भंते, वर बसा, असं दोघातिघांनी विनवलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. ते खाली, म्हणून गाव खाली. कोणाच्या पायाला मुंग्या आल्या, कोणाला खोकला आला, उठलं कोणी नाही. चानफोंगचा हात फरशीवरून चाचपडत आला आणि बुआखियावच्या मनगटाला घट्ट धरून बसला. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

मग वायरलेस खरखरला. "सापडले... घळीची वाट आगीने अडवली होती म्हणे, म्हणून इकडे वळले... एक चालतोय... दुसऱ्याला पाठीवर घेतलंय, तो..." खरखर. पोलुआंगने यंत्र तळहातावर आपटलं, हलवलं, शिव्या घातल्या. पुढचं काही आलंच नाही.

दुसरा कोण? दुसऱ्याचं काय? चानफोंगची नखं बुआखियावच्या हातात रुतली. बुआखियावला वाटलं, आपला चालत असू दे. आणि लगेच वाटलं, अरे देवा, मी हे काय मागतेय, हिचा हात माझ्या हातात आहे. ती रडली नाही, नुसती कपाळ फरशीवर आपटत राहिली, हळूहळू.

गाडी आली. आधी चौघांनी मिळून सेंगमुआंगला आणलं. तो खोकत होता. असा खोकत होता की जणू फुप्फुसं बाहेर येतील, पण खोकणारा माणूस जिवंत असतो. चानफोंगने एक आरोळी ठोकली आणि ती रांगतच त्याच्याकडे गेली.

आणि मग दारात इनपान उभा राहिला. त्याने समोर बघितलं. सगळं गाव पालथं पडलेलं, खुद्द भंते जमिनीवर. त्याचे डोळे विस्फारले.

"काय झालं?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "कोण गेलं?"

बुआखियावने फरशीवरून मान वर केली. कोळशासारखा काळा चेहरा. भुवया नाहीत. दात चमकत होते, आणि डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं. सकाळी खालून दिसला होता तोच चेहरा.

"मेल्या, डोकं खाली कर!" ती ओरडली. "भंते खाली बसलेत, दिसत नाही का तुला? खाली बस आधी!"

इनपान गपकन तिच्या शेजारी बसला. भंतेंच्या खांद्यांना हसू फुटलं होतं, पण त्यांनी तोंड बुद्धाकडेच ठेवलं. भंतेंच्या देखत नवऱ्याच्या अंगाला हात लावायचा नसतो हे बुआखियावला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी तिने तो काळा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि आता ती रडत होती, नाक पुसायचंही भान नव्हतं. तिने तो चेहरा वर केला, खाली केला, डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला.

"अगं, मान मोडशील," इनपान म्हणाला.

तिने सोडला नाही. कुठूनही बघितला तरी तो इनपानच होता.